दोन लेझी लिस्ट सारख्या आहेत का हे तपासताना प्रोग्राम का अडकतो?

तुमचा प्रश्न असा: हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिस्ट लेझी असतात, म्हणजे घटक लागतील तसेच काढले जातात, आणि [१..] म्हणजे १ पासून पुढचे सगळे आकडे. तिथे [१..] == [२..] ला लगेच ‘फॉल्स’ येतं, पण [१..] == [१..] दिलं की प्रोग्राम लटकतो. हा बग आहे का?

नाही. == दोन्ही लिस्ट सुरुवातीपासून जोडीजोडीने ताडत जातो. वेगळी जोडी दिसली की तिथेच थांबतो. ‘सारख्या आहेत’ म्हणायला मात्र त्याला शेवट गाठावा लागतो, आणि इथे शेवटच नाही. कंपायलर कितीही हुशार केलात तरी हे सुटायचं नाही. समजा, एखादा प्रोग्राम घेतला आणि एक लिस्ट बनवली, जिच्या प्रत्येक जागी ‘एवढ्या पायऱ्यांत तो थांबला का?’ याचं उत्तर आहे. ती ‘नाही, नाही, नाही...’ या अनंत लिस्टशी ताडून दरवेळी उत्तर मिळत असतं, तर हॉल्टिंग प्रॉब्लेम (कोणताही प्रोग्राम कधीतरी थांबेल का हे ठरवण्याचा प्रश्न) सुटला असता. तो सुटत नाही हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या १९३६ च्या कामापासून माहीत आहे.

भाषेनुसार थोडा फरक पडतो. हॅस्केलमध्ये एकाच अनंत लिस्टला x नाव देऊन तिची स्वतःशीच x == x अशी तुलना केली तरी प्रोग्राम अडकतो. क्लोजर या दुसऱ्या भाषेतलं = आधी दोन्ही बाजूंना एकच ऑब्जेक्ट आहे का ते बघतं, म्हणून तिथे लगेच ‘ट्रू’ येतं. पण तिथे अनंत सिक्वेन्स (लिस्टसारखीच क्रमवार मालिका) सेटमध्ये, म्हणजे प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात, टाकलात की संपलं, कारण हॅशसाठीही (सगळ्या घटकांवरून काढलेल्या ओळख-आकड्यासाठी) ती पूर्ण चालावी लागते. मी यात अर्धा दिवस घालवलाय. तुलना कुठे होतेय ते शोधत बसलो आणि तुलना नव्हतीच.

टेस्टमध्ये सगळे ‘टेक’ लावून पहिले काही घटक ताडतात. मीही लावतो, पण आकडा डोळे मिटून निवडू नका. वर्तुळावरचे बिंदू रेषांनी जोडल्यावर जास्तीत जास्त किती तुकडे होतात ते मोजा: १, २, ४, ८, १६, आणि पुढे ३१. पाच घटकांवर थांबलात तर ही दुपटीची लिस्टच वाटेल.

लिस्टची रचना माहीत असेल तर मात्र पक्कं उत्तर मिळतं. तुमचं दुसरं उदाहरण दोन ‘सायकल’चं, म्हणजे तेच घटक पुन्हापुन्हा देणाऱ्या अनंत लिस्टचं: एकीकडे ४ घटकांची, दुसरीकडे ६ ची. लांब्यांची बेरीज करा, त्यातून मसावि वजा करा: ४ + ६ − २ = ८. हा फाइन आणि विल्फ यांचा १९६५ चा निकाल. पहिले ८ जुळले तर दोन्ही लिस्ट कायमच्या सारख्या. त्या टेस्टमध्ये ‘टेक ८’ लिहा, पुरेल.