नान्सेनची नोंदवही

प्रिय मित्रा,

ध्रुवीय संशोधनात उतरायचा तुझा विचार पक्का असेल, तर नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन नीट वाच. लोक त्याच्या धाडसावर भाळतात. तू त्याची कामाची पद्धत बघ.

१८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला 'जॅनेट' जहाज बर्फात चिरडून बुडालं आणि तीन वर्षांनी त्याचे अवशेष ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. बर्फ ध्रुवीय समुद्र ओलांडून वाहतो, हे हवामानतज्ज्ञ मोन यांनी त्यावरून मांडलं. नान्सेनने त्याच बर्फात जहाज मुद्दाम अडकवायचं ठरवलं! कॉलिन आर्चरने बांधलेल्या 'फ्राम' या त्याच्या जहाजाच्या बाजू गोलसर होत्या. बर्फ आवळू लागला की जहाज आपोआप वर उचललं जाई. सुकाणू आणि जहाज पुढे ढकलणारा पंखाही वर ओढून घेता येत.

१८९३ ते १८९६ या प्रवासातलं खरं धन नोंदींमध्ये आहे. समुद्र उथळ असेल या समजुतीने सोबत घेतलेली खोली मोजायची दोरी तळाला टेकेचना. मग जहाजावरचा एक पोलादी दोर उसवून त्याच्या तारांची लांब दोरी वळली, तेव्हा तीन हजार मीटरहून अधिक खोली लागली. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, हेही नोंदींतून दिसलं. पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम असल्याचं नान्सेनने ओळखलं. त्याचं गणित पुढे स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमनने मांडलं. वारा आणि बर्फाचं सरकणं यांच्या दिशा वेगवेगळ्या लिहिल्या नसत्या, तर हे हाती लागलंच नसतं.

आता चूक बघ. मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि त्याचा सोबती योहानसेन जहाज सोडून ध्रुवाकडे निघाले, ८६ अंश १४ मिनिटं उत्तर अक्षांशाच्या आसपास पोहोचून परत फिरले. परतीच्या वाटेवर चावी द्यायची राहिली आणि दोघांचीही घड्याळं बंद पडली. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून मिळतो, रेखांशाला मात्र अचूक वेळ लागते: वेळेत ४ मिनिटांची चूक म्हणजे रेखांशात १ अंश, ८२ अक्षांशावर सुमारे १५ किलोमीटर. आपण फ्रान्झ जोसेफ लँड या उत्तर ध्रुवीय द्वीपसमूहावर आहोत याची खात्री जून १८९६ मध्ये तिथे इंग्रज संशोधक जॅक्सन भेटला तेव्हाच झाली.

गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात अर्ज करण्याआधी महिनाभर नोंदवही ठेव. ठरलेल्या वेळी वारा, तापमान, हवेचा दाब लिही. घड्याळ किती मागे-पुढे आहे ते रोज वेगळ्या रकान्यात टाक. आकडा खटकला तरी खोडू नकोस. शेजारी शंका लिही आणि पुन्हा मोज.