वर्गातल्या प्रकल्पांमधून मुलांना चिकित्सक विचार करायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आठवीच्या वर्गात प्रकल्प म्हणजे सायबर कॅफेतल्या प्रिंट, चिकटवलेली चित्रं आणि शेवटच्या पानावर 'पाणी हेच जीवन' असा निष्कर्ष. यातून मुलं स्वतः विचार करायला कशी लागतील, हा तुमचा प्रश्न.

अशा विषयांतून नाही लागणार. 'पाण्याचे महत्त्व' या विषयाचं उत्तर वही उघडायच्या आधीच सगळ्यांना पाठ असतं. मग मूल इकडून तिकडून उतरवून काढतं, आणि माझ्या मते ते शहाणपणानंच वागतं. ज्याचं उत्तर ठरलेलं आहे त्यावर डोकं कोण शिणवेल?

मी कोल्हापुरात हायस्कूलला शिकवते. मी विषय असा शोधते ज्यावर मुलांचं मत अगदी ठाम आहे, पण पुरावा मात्र त्यांनी कधी पाहिलेला नाही. आमच्याकडं असा विषय दर पावसाळ्यात दारात येऊन उभा राहतो. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी 55 फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी आहे 43 फूट. पूर का येतो असं वर्गात विचारलं की निम्मी मुलं म्हणतात, "राधानगरीचं पाणी सोडत्यात म्हणून." उरलेली म्हणतात, "अलमट्टीमुळं, मॅडम." राधानगरी हे नदीच्या वरच्या अंगाचं धरण, तर अलमट्टी हे खाली कर्नाटकात कृष्णेवरचं. कशावरनं म्हणतोस, असं विचारलं की बहुतेकांचा पुरावा म्हणजे घरी बाबा म्हणतात.

आता यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. माहिती गोळा करायच्या आधी प्रत्येकानं वहीच्या पहिल्या पानावर दोन वाक्यं लिहायची: माझं मत काय, आणि काय दिसलं तर मी ते बदलेन. दुसरं वाक्य लिहिताना मुलं जाम अडतात. 'काहीही दिसलं तरी बदलणार नाही' असंही एखादा लिहितो. लिहू द्या. पण पान आधी भरून घ्या, सही-तारखेसकट. नंतर लिहिलं तर प्रत्येकाचं मत पहिल्यापासून बरोबरच निघतं.

माहितीसाठी कुठं जावं लागत नाही. पावसाळ्यात इथल्या वर्तमानपत्रांत रोज राजाराम बंधाऱ्याची पातळी, तालुकावार पाऊस, राधानगरीचा विसर्ग आणि किती बंधारे पाण्याखाली गेले ते येतं. मुलं कात्रणं आणतात, आलेख कागदावर आकडे मांडतात. दोन पेपरांत एकाच दिवसाची पातळी वेगळी निघाली की वर्गात गोंधळ होतो, कुणीतरी "हा पेपर खोटा" म्हणून मोकळा होतो. मग बातमी नीट वाचली की कळतं, एकानं सकाळची पातळी दिली आहे, दुसऱ्यानं संध्याकाळची. हे मी सांगत नाही. त्यांना सापडेपर्यंत थांबते, तास वाया गेला तरी चालेल.

राधानगरीवाल्यांची पंचाईत लवकर होते. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, एका दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. म्हणजे 'सोडत्यात' म्हणायला तिथं कुणी माणूस चावी फिरवत नसतो. शिवाय आलेखात असे दिवस सापडतात की दरवाजे बंद आहेत आणि नदी तरीही चढते आहे. मग कुणाचं तरी लक्ष पश्चिमेच्या घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याच्या पावसाकडं जातं, आणि नदी त्या पावसामागून चढते हे दिसायला लागतं.

अलमट्टीचं प्रकरण मात्र सरळ सुटत नाही, म्हणूनच मला ते आवडतं. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला जबाबदार धरलं नाही. नदीच्या खालच्या अंगाच्या शिरोळ तालुक्यातल्या कित्येकांना ते आजही पटत नाही. एक गट म्हणतो, पाऊस थांबला तरी शिरोळचं पाणी ओसरत नाही, म्हणजे अलमट्टीमुळं खालून तुंबलंय. दुसरा म्हणतो, पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगा रिकामी होणार कुठं? शिरोळची न उतरणारी पातळी या एकाच आकड्याशी दोघांचंही म्हणणं जुळतं. तेव्हा मी एवढंच विचारते: कोणता आकडा हातात आला तर तुमच्यापैकी एकालाच खरं ठरवेल? तिथून मुलं अलमट्टीत येणारं आणि तिथून सोडलेलं पाणी आणि त्याच दिवशीची कृष्णेची पातळी शोधायला लागतात. सगळे आकडे मिळत नाहीत. मग वहीत 'हे ठरवता आलं नाही, कारण…' असं लिहायला सांगते, आणि त्याला पूर्ण गुण देते.

गुणांचं इथं स्पष्टच सांगते. आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला गुण असतातच, ते सजावटीवर देणं बंद करा. मी पहिल्या पानाला देते, न जुळलेल्या आकड्यांच्या नोंदीला देते, आणि मत बदललं तर कशामुळं बदललं त्याला देते. मत न बदलणाऱ्यालाही कारण चांगलं असेल तर तेवढेच. नाहीतर मुलं हुशार असतात. मॅडमना मत बदललेलं आवडतं हे कळलं की सगळी बदलतात. पालकांपैकी कुणी "वही फारच साधी दिसते" म्हणतं, त्यांना ती वाचायला देते.

तुमच्या गावाला पूर नसेल तर दुसरं काही असेलच. पिवळाधमक गूळ चांगला की काळसर, यावर आमच्याकडं घराघरांत मत आहे. रंग उजळ करायला काय काय घालतात ते गुऱ्हाळावर जाऊन विचारलं की मुलं घरच्या डब्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात. फक्त एकाच वर्षात चार-पाच प्रकल्प घेऊ नका. एकच घ्या, आणि तो जूनमध्ये सुरू करा. दिवाळीनंतर पाऊसही नसतो आणि पोर्शनची घाईही असते.