‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘ययाति’ झाल्या, आता पुढं कुणाला वाचू?

तुम्ही म्हणता, या तिन्ही कादंबऱ्या वाचून झाल्या, आता अलीकडचे कथा-कादंबरीकार सुचवा. हे तिघेही लेखक आमच्या कोल्हापूर जिल्ह्याशी जोडलेले. देसाई कोवाडचे, सावंत आजऱ्याचे आणि खांडेकर तर कोल्हापुरातच राहिलेले. तेव्हा पुढचं वाचनही इथूनच सुरू करा.

माझं पहिलं नाव कृष्णात खोत. पन्हाळा तालुक्यातले. ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. गाव उठलंय, माणसं दुसरीकडं वसलीत आणि देवाप्पा मागं राहिलेली म्हैस आणायला परत जातो. एवढीच गोष्ट. पण दाव्याला बांधलेलं जनावर एव्हाना रानाचं झालंय, ते कुणाच्या हाकेला ओ देणार? काळम्मावाडी, चांदोली या धरणांचे विस्थापित आमच्याकडं सगळ्यांच्या माहितीतले. त्यांच्या जमिनीच्या, मोबदल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचतोय. गाव सुटतं तेव्हा माणसाच्या आत काय काय सुटतं, ते मला या म्हशीच्या मागं फिरताना कळलं. बोलीला सुरुवातीला अडखळाल. चार पानं मोठ्यानं वाचा, कान सरावतो.

मग राजन गवस. ‘तणकट’ला २००१ चा अकादमी पुरस्कार मिळाला खरा, पण माझा जीव ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’मध्ये अडकलाय. यल्लम्मा देवीला सोडलेल्या पोरी म्हणजे जोगतिणी आणि तसेच सोडलेले पुरुष म्हणजे जोगते, यांचं जगणं त्यात आहे. दारात परडी घेऊन आलेल्या जोगतिणीला पसाभर धान्य घालून आपण दार लावतो. ‘चौंडकं’ वाचल्यावर ते दार तसं सहज लावता येत नाही.

कादंबरीला सवड नसेल तर किरण गुरवांच्या कथा घ्या. ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला २०२१ चा अकादमी पुरस्कार आहे. खेड्यातून शिकायला शहरात आलेल्या पोराचं बुजरेपण इतकं खरं मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

जिल्ह्याबाहेरचे म्हणाल तर जयंत पवार हवेतच. ते २०२१ मध्ये गेले, पण ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मधली गिरणगावाची मुंबई अजून ताजी आहे. आणि मेघना पेठेंची ‘नातिचरामि’. लग्न आणि बाईचं मन यावर इतकं निर्भीड लिहिणारे मराठीत थोडेच.

कोल्हापुरात असाल तर विकत घेण्याआधी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. १८५० पासूनचं वाचनालय आहे. सुरुवात मात्र ‘रिंगाण’पासूनच करा.