रिसेप्टर आणि स्प्लायसिंगमध्ये नवीन आहेस ना, मग हे वाच

आधी एक सांगते, रिसेप्टर (पेशीवरचं संदेश पकडणारं प्रोटीन) घेऊ की स्प्लायसिंग (जीनच्या आरएनए प्रतीतले नको ते तुकडे कापून उरलेले जोडणं) असा घोळ घालत बसू नकोस, दोन्ही एकाच जागी भेटतात. डोपामिनचा डी2 रिसेप्टर बघ ना, जीन एकच, पण सहावा एक्झॉन (म्हणजे जोडून ठेवला जाणारा तुकडा) राहिला की रिसेप्टरचं लाँग रूप, गळला की शॉर्ट, आणि फरक फक्त 29 अमिनो आम्लांचा, तोही पेशीच्या आतल्या तिसऱ्या लूपमध्ये, म्हणजे जिथे संदेश आत पुढे नेणाऱ्या जी प्रोटीनशी गाठ पडते नेमकं तिथेच! मला अजूनही हे भारी वाटतं.

आता कामाचं. आरटी-पीसीआर करताना (आरएनएची डीएनए प्रत काढून ती वाढवायची) प्रायमर, म्हणजे जिथून प्रत सुरू होते ते छोटे डीएनए तुकडे, सहाव्याच्या आजूबाजूच्या एक्झॉनवर टाक, म्हणजे जेलवर 87 बेसचा फरक असलेले दोन बँड स्वच्छ दिसतील. आरटी (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोल दर वेळी लाव, कंटाळा करू नको. आणि कधी कधी वर तिसरा बँड येतो ना, तो बघून लगेच उड्या मारू नकोस, लांब आणि आखूड डीएनए धागे एकमेकांना चिकटले की असं होतं, मी दोन महिने त्याला नवीन आयसोफॉर्म (त्याच जीनचं आणखी एक रूप) समजून त्याच्याच मागे होते, खूप रडू आलेलं तेव्हा.

स्प्लायसिंगचा शोध लावणाऱ्या शार्प आणि रॉबर्ट्स यांना 1993 चं नोबेल मिळालं ते 1977 च्या कामाला. एडिनोव्हायरसचा एमआरएनए (स्प्लायसिंग झालेली आरएनए प्रत) त्याच्याच डीएनएशी जुळवला तर मायक्रोस्कोपखाली डीएनएचे लूप बाहेर लोंबताना दिसले, तेच इंट्रॉन, म्हणजे कापून टाकले जाणारे तुकडे. तो फोटो शोधून नीट बघ, घाईत नाही, आणि मग स्वतःचं जेल उघड.