मनू, दूध मुद्दामच उतू घातलं

प्रिय मनू,

परवा जेवताना तू विचारलंस, "आई, खालच्या आजींना मी नक्की काय सांगायचं होतं?" आणि मी म्हणाले, "नंतर सांगते." ते नंतर म्हणजे हे पत्र. तोंडी सांगायला लागले की तू मध्येच दहा फाटे फोडतेस. शिवाय स्टुटगार्टला आल्यापासून तुझं मराठी वाचन आत्याच्या 'शुभ सकाळ'पुरतं उरलंय, तेही जरा वाढू दे.

स्वयंपाकघर लागलं त्या संध्याकाळी मी पातेलंभर दूध शेगडीवर ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत समोर उभी राहिले. पॅसेजमधला धुराचा अलार्म बोंबलला. खालच्या आजी जिना चढून धापा टाकत आल्या आणि आपल्या घरात त्यातल्या त्यात जर्मन तुलाच येतं म्हणून मी तुला दारात पुढे केलं. तू सांगितलंस, आईचं दूध करपलं. त्या गेल्यावर मला दोन गोष्टी ऐकवल्यास. एक, एवढी समोर उभी होतीस तर आच कमी का नाही केलीस. दोन, हे घर आपलं नाहीच, भाड्याचं आहे, तर मग हा सोहळा कशाला.

पहिलीचं उत्तर सोपं आहे. आच कमी करायचीच नव्हती. नव्या घरात चूल पहिल्यांदा पेटली की तिच्यावर आधी दूध ठेवतात आणि ते उतू जाऊ देतात. एरवी दुधावर आपण डोळ्यांत तेल घालून पहारा देतो. सांगलीची आजी तर दूध तापत असताना दारावरची बेल वाजली तरी हलत नाही. त्या एका दिवशी मात्र सांडू द्यायचं. घरात काही कमी पडू नये, भरून वाहावं, हा त्यातला एक अर्थ. दुसरा, पहिला घास अग्नीचा. रथसप्तमीला आजी अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर छोट्या बोळक्यात दूध ठेवायची आणि ते उतू गेल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही, आठवतंय? तेच हे, फक्त तिथे सूर्यासाठी, इथे घरासाठी. दूध पूर्वेकडे सांडलं तर चांगलं असं आजी म्हणते. आपलं कुठे सांडलं ते मी पाहिलंच नाही, अलार्मच्या नावाने धावले.

खरं तर बघण्यासारखं तेच असतं. आधी कडेने बारीक बुडबुडे येतात, मग वरची साय आकसते, तिला सुरकुत्या पडतात. एकदम सगळं दूध खालून कुणी उचलल्यासारखं फुगून वर येतं, साय मधोमध फाटते आणि पांढरा फेस काठावरून घसरतो. सांगलीला गॅसच्या बर्नरवर पडलं की चर्र आवाज येतो, ज्योत पिवळी होते आणि झालं. इथल्या काचेच्या शेगडीवर ते पसरतं, क्षणात तपकिरी होतं आणि धूर सोडतं. मग ब्लेड लावलेल्या खरवडणीने निम्मी रात्र खरवडत बसायचं. पुढच्या वेळी लहान पातेलं घ्यावं आणि खिडकी उघडी ठेवावी, एवढा जर्मन बदल मला मान्य आहे.

आणि हो, घरात राहायला येऊन बरेच दिवस झाल्यावर हे का, असंही तू पुटपुटलीस. अगं, चूलच नव्हती! इथे भाड्याचं घर म्हणजे बऱ्याचदा भिंती, नळाची तोटी आणि विजेच्या तारा. ओटा, कपाटं, शेगडी, सिंक, सगळं आधीचा भाडेकरू उचलून नेतो किंवा तुम्हाला विकत घ्यायला लावतो. सांगलीत कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. बाबांनी जुना ओटा आणून जोडेपर्यंत आपण न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये तांदूळ धूत होतो. कुकर खिडकीत ठेवलेल्या एका विजेच्या तव्यावर. त्या तव्यावर दूध उतू घालायला मन होईना.

आता दुसरी गोष्ट, भाड्याच्या घराची.

तुझ्या मनात वास्तुशांत असणार, आत्याच्या विश्रामबागच्या फ्लॅटची. होम, गुरुजी, जेवणावळ आणि आग्नेय कोपऱ्यात पुरलेली वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा. ती घरमालकाने करायची. भाडेकरू ती करत नाही, इथे तर फरशी उकरली तर अनामत ठेवलेलं तीन महिन्यांचं भाडं विसरावं लागेल. पण दूध उतू घालतो तो राहणारा. असं पोथीत लिहिलंय की नाही ते गुरुजी जाणोत, मी आजीला बघून सांगतेय.

आजोबा एसटीत होते. आजीचा संसार तासगाव, विटा, जत असा फिरत फिरत झाला आणि प्रत्येक ठिकाणी भाड्याची खोली. बाबांना आठवतं, ट्रंका अजून दोरीने बांधलेल्या असायच्या, जेवायला शेजारच्यांकडून भाकरी आलेली असायची, पण स्टोव्ह आधी बाहेर निघायचा. जतला भर उन्हाळ्यात गेले तेव्हा टँकरच्या पाण्यासाठी रांग होती आणि दूध वाटीभर मिळालं. आजीने तेवढंच एका वाटीत तापवून उतू घातलं आणि मुलांना चहा कोरा दिला. घरमालकीण म्हणाली, "दोन वर्सांत बदली हुईल तुमची, कशाला ह्ये?" आजी म्हणाली, "दोन वर्सं तर ऱ्हाणार न्हवं?" हे संवाद बाबा तालासुरात करून दाखवतात, त्यांना विचार.

स्वतःच्या घराचं सांगायचं तर आजीच्या गावभागातल्या घराची रीतसर वास्तुशांत झालेली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा त्या घरात शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतीस, पण होडीतून आत्याकडे गेलेलं तुला आठवतं म्हणतेस. मला तरी वाटतं ते तू फोटोत पाहिलंयस. पाणी उतरल्यावर आम्ही दार ढकललं तर ते उघडेना, आतून गाळाने धरलेलं. फ्रीज आडवा होऊन खिडकीपाशी गेला होता. गव्हाच्या कोठीतून असा वास येत होता की बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. फडताळाच्या वरच्या फळीवरची मिठाची बरणी तेवढी जागच्या जागी होती. वास्तुपुरुष बिचारा आग्नेय कोपऱ्यात आमच्याआधी पाण्याखाली.

फावड्याने गाळ, मग पाण्याचा फवारा, मग फिनेल, मग परत पाणी. ओल जाईना, भिंतीवरची पाण्याची रेघ जाईना. ओळखीचे गुरुजी म्हणाले, वास्तुशांत पुन्हा करून घ्या. आजी म्हणाली, बघू पुढं. नवी शेगडी आली त्या दिवशी तिने अर्ध्या लिटरचं पाकीट फोडलं आणि सगळं उतू घातलं. गावात दुधाचा पुरवठा अजून धड सुरू नव्हता, शेजारच्या काकू हळहळल्या. आजीने ओटा पुसला, हळद-कुंकू वाहिलं, आणि त्या रात्री आम्ही तिथेच चटया टाकून झोपलो.

चाळीस वर्षं जिथे राहिली त्या घरात तिने परत गृहप्रवेश केला. तेव्हा घर कुणाच्या नावावर आहे यावर हे ठरत नसावं, असं माझं मत झालं. तुझ्या या नव्या देशाचंही फार वेगळं नाही बरं का. आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नाव नोंदवायला गेलो होतो ना, तिथे घरमालकाच्या सहीचा कागद लागला, पण नोंद झाली ती आपल्या तिघांची. खाली बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव आपलं आहे, मालकाचं नाही. ते लावलं नव्हतं तोवर तुझ्या शाळेचं पत्रसुद्धा परत गेलं होतं.

आता जे बोलायचं म्हणून पत्र लिहायला घेतलं ते. आल्यापासून तू म्हणतेस, "हे घर बोअर आहे", "हे घर सारखं थंडच असतं", "मला इथे कधीच आवडणार नाही." फोनवर हे ऐकून आजी काय म्हणाली? "वास्तू तथास्तु म्हणते गं, चांगलं बोलावं." तू वैतागलीस. मी वास्तूचं सोडते, पण एक सांगते. घरात येता-जाता सारखं वाईट बोललं की भिंतीवर काही परिणाम होत नसेल, माणसांवर होतो. बाबा त्या दिवसापासून हीटर दोनदा तपासतात. तुला सांगलीची आठवण येते असं सरळ म्हण. ते म्हणायला काही हरकत नाही, मीही म्हणते. हरभट रोडवरची गर्दी, भडंगाचा पुडा, गणपतीच्या देवळातून संध्याकाळी घाटाकडे जाणं. आठवण येते म्हण, घराला नावं ठेवू नकोस.

कोपऱ्यातल्या कलशात हळकुंड का, हेही विचारलं होतंस. आजीचं माहेर हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव, तिथे हळद जमिनीखाली पेवात ठेवायचे. मोठाल्या खड्ड्यांत हळद भरून वरून बंद करायचे आणि ती तिथे वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात बरीच पेवं पाण्याने गेली, आता माल गोदामांत असतो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आजीने जणू तिलाच मिळाल्यासारखे पेढे वाटले. नव्या घरी आधी हळद आणि मीठ न्यायचं, ही तिची शिस्त. मीठ इथेच घेतलं. हळकुंडं मात्र तिने माझ्या हातपिशवीत कोंबली होती, आणि विमानतळावर त्यांचा खुलासा बाबांना द्यावा लागला.

तर खालच्या आजींना काय सांगायचं. एवढंच सांग, आमच्याकडे नव्या घरात पहिलं दूध उतू घालतात, ते करपलं नाही, मुद्दाम सांडलं. त्यांना ते विचित्र वाटेल असं तुला वाटतंय. मला नाही वाटत. दुसऱ्याच दिवशी टोपलीत पाव आणि मिठाची डबी घेऊन त्या आल्या, तू शाळेत होतीस. मी त्यांच्या खुणा आणि माझं मोडकं जर्मन जोडून एवढं समजून घेतलं की नव्या घरी राहायला आलेल्यांना पाव-मीठ द्यायची इथली जुनी पद्धत आहे, घरात खाण्याला तोटा पडू नये म्हणून. मी त्यांना आत बोलावलं, हळद-कुंकू लावलं. त्या कपाळाला हात लावून आरशात बघत बसल्या. मग जाताना दाराला एक पाटी अडकवून गेल्या. 'केरवोखे' लिहिलेली. या भागात जिना झाडण्याची पाळी आठवड्याने फिरते आणि पाटी ज्याच्या दाराला त्याची पाळी. म्हणजे या आठवड्यात आपली. भाडेकरू आहोत म्हणून सूट नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी तू आणि मी जिना झाडायचा, वरपासून खालपर्यंत, कठडाही पुसायचा. रविवारी नको, रविवारी इथे आवाज केलेला चालत नाही. तोरणाचा खिळाही त्याचमुळे सोमवारवर गेलाय. जिना झाला की त्यांची टोपली परत द्यायला जा. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे तुला माहीत आहेच. बेसनाचे लाडू केलेत, ते भर. भडंगही थोडं ठेव, पण आधी त्यांना तिखट चालतं का ते विचार, नाहीतर परत अलार्म.

तुझी,
आई