जुनी तापमानं ‘थंड’ केली, म्हणजे फसवणूक? माझाही एकेकाळी हाच समज होता

तुम्ही एकाच हवामान केंद्राचे तापमानाचे मूळ आणि दुरुस्त आकडे शेजारी मांडलेत, दुरुस्तीत जुनी वर्षं थंड झालेली दिसली आणि विचारलंत की तापमानवाढ कागदावरच घडवली का. वाचून हसू आलं. अगदी असाच आलेख घेऊन मी वर्षभर लोकांशी भांडलोय. (मी हवामानशास्त्रज्ञ नाही, आकड्यांची खाज आहे इतकंच.)

माझ्या केंद्राचं तापमान एका वर्षी जवळजवळ एक अंशाने घसरलं होतं आणि पुढे तसंच राहिलं. दुरुस्त आकड्यांत ती पायरी गायब! चोर सापडला म्हणून केंद्राचा इतिहास मागायला हवामान कार्यालयाला लिहिलं. सात महिन्यांत आलं काय, तर ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे’. त्यांचं मौन मी कबुली समजलो. शेवटी एका निवृत्त निरीक्षकाच्या वहीत एक ओळ मिळाली: तापमापकाची पांढरी झडपांची पेटी गच्चीवरून खाली गवतावर हलवली. बस्स. गच्ची तापते, म्हणून आधीचे आकडे जास्त भरत होते; दुरुस्तीत तेच खाली आणले होते.

पण माझी खरी घोडचूक वेगळीच होती. मी समुद्र पाहिलाच नाही. समुद्राचं तापमान मोजायला पूर्वी जहाजावरून बादली सोडून पाणी ओढत. कापडी बादलीतलं पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने गार व्हायचं. पुढे इंजिनासाठी घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवू लागले, ते किंचित जास्त भरतं. म्हणून समुद्राचे जुने आकडे दुरुस्तीत वर चढवले जातात. जमीन-समुद्र मिळून शतकभराची वाढ मूळ आकड्यांपेक्षा थोडी कमीच भरते. वाढ फुगवायला निघालेला माणूस असा उलटा हिशेब करेल का? रिचर्ड म्युलर हे भौतिकशास्त्रज्ञ याच शंकेपायी तापमानाच्या नोंदी नव्याने तपासणाऱ्या बर्कली अर्थ प्रकल्पात उतरले आणि त्यांनाही तीच वाढ सापडली.

शंका घेऊच नका असं मी म्हणत नाही. हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील, हे आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) 2007 च्या अहवालातलं विधान चुकीचं होतं. जानेवारी 2010 मध्ये त्यांनी ते मान्य केलं. तिथे शंकेखोर बरोबर होते. प्रत्येक वादळाचं खापर बदलत्या हवामानावर फोडणाऱ्या बातम्यांनीही माझं डोकं फिरतं.

जाता जाता: दोन संस्थांचे आलेख एकावर एक ठेवण्याआधी प्रत्येकाने कोणत्या काळाची सरासरी शून्य धरली आहे ते बघा. नासा 1951–1980 धरते, इतर वेगळा. आणि सुरुवात 1998 पासून करू नका, ते प्रखर एल निनोचं (पॅसिफिक महासागर तापतो तेव्हाचं), म्हणून आधीच जास्त गरम वर्ष होतं.

कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. आसपासच्या चार-पाच केंद्रांची सरासरी काढा, ती तुमच्या केंद्राच्या आकड्यांतून वजा करा. पेटी हलली असेल तर साधारण कोणत्या महिन्यात, ते बहुतेक वेळा त्या फरकातल्या पायरीतच दिसतं.