गाडी अडवली तर? अमेरिकेतल्या वाचकांचे प्रश्न

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला, सीमेपासून इतके लांब. इमिग्रेशनवाले आमची गाडी कशी अडवू शकतात?

त्यांना देशभर चौकशी करता येते. सीमेपासून 100 मैलांच्या पट्ट्यात तर जादा अधिकार आहेत, आणि किनाराही सीमाच धरतात. म्हणजे अख्खं न्यू जर्सी त्यात आलं. तरी चालती गाडी अडवायला ठोस संशय लागतो. नुसत्या चेहऱ्यावरून अडवता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1975 सालीच सांगितलंय. पण सप्टेंबर 2025 मध्ये त्याच कोर्टाने लॉस एंजेलिसमधल्या अशा धरपकडीला खालच्या कोर्टाने घातलेला लगाम स्थगित केला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. तुम्ही मात्र गाडी थांबवा, हात स्टिअरिंगवर ठेवा. भांडायचं ते नंतर, वकिलामार्फत.

डिकी उघडा म्हणाले तर?

‘आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च’ एवढं शांतपणे म्हणा. तरीही उघडली, तर आडवे जाऊ नका. फोनचा पासवर्डही देऊ नका. खाली उतरा म्हणाले, तर उतरा.

गप्प राहायचा हक्क आहे, मग एच-1बी वाल्याने कागद का दाखवायचे?

कारण नागरिक नसलेल्या 18 वर्षांवरच्या प्रत्येकाने नोंदणीचा कागद (ग्रीन कार्ड किंवा आय-94, म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद) जवळ बाळगावा, असा कायदा आहे. तो दाखवा. कुठून आलात, कोणाला भेटलात, याची उत्तरं देणं बंधनकारक नाही. आणि गाडी चालवणाऱ्याने लायसन्स सोबत ठेवायचंच.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. इंग्रजी जेमतेम. मी सोबत नसताना अडवलं तर?

मला खरी काळजी याच प्रश्नाची वाटते. आपली माणसं वर्दी दिसली की घाबरून प्रत्येक प्रश्नाला ‘येस, येस’ म्हणतात. ‘यू.एस. सिटिझन?’ या प्रश्नालाही मान डोलावली, तर ते निस्तरणं फार अवघड. नागरिकत्वाचा खोटा दावा हा गुन्हा आहे, आणि पुढचा व्हिसा जवळपास कायमचा जाऊ शकतो. आजच त्यांना बसवून समजवा: कळलं नाही तर मान हलवायची नाही, ‘मराठी, इंटरप्रिटर’ म्हणायचं. आय-94 ऑनलाइन मिळतो. त्याची प्रिंट पासपोर्टसोबत बाबांच्या खिशात आणि आईच्या पर्समध्येही असू द्या. सोबत तुमचा आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून द्या, फोन काढून घेतला तर पाठ कोणाला असतो? न वाचता सही करायची नाही. ताब्यात घेतलंच, तर भारतीय वकिलातीला कळवा असं सांगायचा त्यांना हक्क आहे. इमिग्रेशनच्या खटल्यात सरकार वकील देत नाही, तेव्हा तो तुम्ही आधीच शोधून ठेवा.